पिवळ्या खोक्यातला पंप

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे खोडरबर म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. हे नाव त्यांना कारखान्यात पडलं, आणि त्याच कारखान्यातले एक गृहस्थ आमच्या तळमजल्यावर राहत असल्यामुळे ते खोडरबरांच्या आधी जिना चढून वर आलं.

कारखाना होता मोटारींच्या पाण्याच्या पंपांचा. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवत ठेवणारा, दोन मुठींएवढा धातूचा ऐवज. तयार झालेला प्रत्येक पंप शेवटी एका लांब टेबलावर यायचा, आणि त्या टेबलाच्या टोकाला खोडरबर सत्तावीस वर्षं बसले. पंपाच्या अंगावर मोटार कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत उठलेलं असायचं. पंप कंपनीकडे जायचा असेल तर नाव तसंच ठेवून निळ्या खोक्यात. तोच पंप कारखाना स्वतःच्या नावाने बाजारात विकणार असेल, तर त्यावर कंपनीचं नाव दिसता कामा नये. मग खोडरबर हातातल्या ग्राइंडरने ते नाव घासून काढायचे, अंगठ्याने चाचपायचे आणि पंप पिवळ्या खोक्यात टाकायचे. निळा असो की पिवळा, तपासल्याची खूण म्हणून ते पंच ठोकून आपला नंबर उमटवायचे. त्यांचा नंबर सत्तेचाळीस.

म्हणजे एकाच भट्टीतली सख्खी भावंडं. त्यातलं निळ्या कपड्यांतलं भावंड दुकानात चौपट किमतीला जायचं.

"खरं म्हणजे स्वस्तातला पंप महाग असायला पाहिजे," खोडरबर सांगायचे. "त्याच्यावर मेहनत जास्त. नाव घासायला वेळ लागतो हो."

हे ते सगळ्यांना सांगायचे, पण स्वतः मात्र सत्तावीस वर्षं कारखान्याच्या बसने गेले. गाडी घेतली ती निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. नऊ वर्षं जुनी, पांढरी, मागच्या दाराला एक पोचा. काकूंना विचारलं नव्हतं. हॉर्न ऐकून काकू गॅलरीत आल्या.

"ही कोणाची?"

"आपली!"

काकूंनी गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "बरं. तिथेच राहणार आहे, की तिच्यासाठीही गादी घालू?"

हेच मॉडेल का घेतलं, ते काकूंना न सांगता कळलं होतं. काकूंच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे, म्हणजे खोडरबरांच्या साडूंकडे, हीच गाडी होती. फक्त नवी. साडू एका विमा कार्यालयात साहेब होते आणि कंपनीच्या मालावर त्यांची अपार श्रद्धा होती. त्यांच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरची प्लॅस्टिकची पिशवी आठ वर्षांत निघाली नव्हती. गाडीच्या सीटांवरही कंपनीचंच पातळ प्लॅस्टिक होतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्या गाडीतून उतरताना माणूस सोलून निघायचा. प्रत्येक वस्तूचं बिल, वॉरंटी आणि रिकामा खोका ते जपून ठेवत. साडूंच्या पत्नी एकदा आमच्या काकूंना म्हणाल्या होत्या, "लग्नाचं बिल सापडत नाही म्हणून गं. नाहीतर मलाही कधीच बदलून आणलं असतं."

तर, गाडी घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच पांढऱ्या गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसायला लागलं. खोडरबरांनी वाकून बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. यांचा पंपच गेला होता.

साडूंना कळल्यावर त्यांनी हुकूमच सोडला. "कुठल्यातरी गॅरेजात नेऊ नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माझी ओळख आहे."

वर्कशॉप कसलं, दवाखानाच तो. काचेचं दार, गार हवा, कॉफीचं मशीन, भिंतीवर टीव्ही. गाडी एका दाराने आत, माणूस दुसऱ्याने, आणि मधे जाड काच. पेशंटच्या नातेवाइकांनी बघायचं तेवढंच. टाय लावलेला सल्लागार हसत आला.

"सर, वॉटर पंप गेलाय. बदलावा लागेल."

"बघू?"

"जुना?"

"नवा."

अशी मागणी तिथे कुणी केली नसावी. सल्लागार आत गेला, निळा खोका घेऊन आला. खोडरबरांनी पंप बाहेर काढला, तान्ह्या बाळाची मान सांभाळावी तसा तळहातावर घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला. काठावर बारीक ठोका होता. सत्तेचाळीस.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

"नक्कीच सर. पैसे भरले की तुमचाच."

"तसं नव्हे. हा माझ्या हातून गेलाय. हा नंबर माझा आहे."

"आम्हाला अभिमान आहे, सर," सल्लागार म्हणाला. कशाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण ट्रेनिंग चांगलं झालेलं होतं.

"मग चौपट किंमत कशाची?"

"सर, कंपनीच्या पार्टमध्ये मनःशांती मिळते."

"नाही," खोडरबर ठामपणे म्हणाले. "ती आम्ही भरत नव्हतो. हे खोके मीच भरलेत. एक पंप, दोन गॅस्केट आणि एक माहितीचा कागद. मनःशांती कधी आलीच नाही आमच्या टेबलावर."

सोफ्यावर बसलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या. साडूंनी हातातला कॉफीचा कप हळूच टीपॉयवर ठेवला. खोडरबरांनी पंप खोक्यात घातला, दुमड नीट बसवली, सल्लागाराचे आभार मानले आणि गाडी परत मागितली. वाटेत दोनदा थांबून पाणी ओतावं लागलं. साडू दोन्ही वेळा खाली उतरले नाहीत. शेवटी घराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने मी तिथे कॉफी पिऊ?"

खोडरबर दुसऱ्या दिवशी पार्टांच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कंपनी, पिवळा, की चालू?"

"चालू म्हणजे?"

"म्हणजे सध्या चालू आहे."

त्यांनी पिवळा घेतला आणि तो घेऊन आमच्या मागच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीबाईंकडे गेले. वडिलांचं गॅरेज गेली वीस वर्षं या बाई चालवत होत्या. पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायच्या, त्याची मूठ कानाला लावायच्या आणि आत काय दुखतंय ते सांगायच्या. त्यांनी खोका बाजूला टाकला, पंप हातात घेऊन दोनदा फिरवला, "ठीक आहे" म्हणाल्या आणि बसवला. खोडरबरांनी पंपावरचा घासलेला डाग त्यांना दाखवला. "इथे नाव होतं. मी काढलंय."

"छान काढलंय," मिस्त्रीबाई म्हणाल्या. त्या क्षणी त्या खोडरबरांना जगातल्या सर्वांत हुशार बाई वाटल्या.

गळती थांबली. ही हकिकत इमारतीत पसरायला एक दिवस पुरला, कारण सांगणारे खुद्द खोडरबर होते. आणि मग त्यांचा भाव वाढायला लागला. दर रविवारी सकाळी खाली गाड्यांच्या जागेत ते खुर्ची टाकून बसत आणि लोक आपापले पार्ट घेऊन येत. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर क्लच प्लेट घेऊन आले. समोरच्या इमारतीतल्या गाण्याच्या बाई हॉर्न घेऊन आल्या. त्यांना तो बेसूर वाटत होता. मी एकदा वायपर घेऊन गेलो. त्यांनी तो दोन बोटांत धरून वाकवला, त्याचा वास घेतला आणि निकाल दिला, "रबर बरं आहे, क्लिप भिकार आहे. पाऊस कमी असला तर चालेल." वायपर मी कशासाठी घेतला होता, हे त्यांना सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

पहिले काही महिने त्यांचं काम चोख होतं. प्रत्येक वस्तू उघडून, चाचपून, कानाशी धरून बघायचे. पण नावलौकिकाचं ओझं होतं आणि रविवार एकच. हळूहळू ते खोका न उघडताच सांगायला लागले. छपाई बघायची, चिकटवलेली घडी बघायची, की झालं. पुढे पुढे लोक फोनवर खोक्याचे फोटो पाठवायचे आणि हे जेवताजेवता "घ्या" किंवा "नको" एवढंच लिहून पाठवायचे. एकदा तर एकाने नुसतं दुकानाचं नाव सांगितलं आणि यांनी डोळे मिटून "नको" म्हटलं. डोळे मिटल्यामुळे त्या माणसावर फार परिणाम झाला म्हणे.

काकूंचं मत निराळं होतं. "सत्तावीस वर्षं दुसऱ्याचं नाव पुसत होते ना, आता स्वतःचं काढायला निघालेत," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

या सगळ्यावर कळस झाला तो दीड वर्षाने. एका संध्याकाळी साडू आले. एकटेच. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, कुणाची बदली कुठे झाली ते झालं, चहाचे दोन कप झाले. मग त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "ते तुमचं पिवळं... मिळतं का हो अजून बाजारात?"

गाडीची वॉरंटी संपली होती. पंप कुंईकुंई करायला लागला होता. आणि कॉफीच्या मशीनशेजारी बसून साडूंनी जो अंदाजपत्रकाचा कागद वाचला, त्याने त्यांची मनःशांती गेली होती.

काकू नंतर म्हणाल्या की, नवऱ्याला इतकं आनंदलेलं त्यांनी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. खोडरबर लगेच उठले, इस्त्रीचा शर्ट घातला. "चला. बाजार बंद व्हायच्या आत."

दुकान तेच, दुकानदार तोच. पिवळा खोका पुढे आला. खोडरबरांनी तो हातात घेतला. रंग बरोबर. अक्षरं बरोबर. उजवीकडची घडी आधी, डावीकडची वरून, अगदी ते स्वतः घालायचे तशी.

"उघडून दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"मला?" खोडरबर साडूंकडे वळून हसले. "मला दाखवतोय हा!"

मग मिस्त्रीबाईंचं गॅरेज. बाईंनी नेहमीसारखा खोका बाजूला टाकला आणि पंप हातावर तोलला. तोलतच राहिल्या.

"काका, हलका वाटतोय."

"धातू बदलला असेल. हल्ली वजन कमी करतात."

त्यांनी दांडा फिरवला. "बेअरिंगचाही आवाज जरा..."

"बाई, सत्तावीस वर्षं," खोडरबर म्हणाले. आवाज गोड, पण दार लावून घ्यावं तसा.

मिस्त्रीबाईंनी साडूंकडे पाहिलं. "काका म्हणतायत म्हणून बसवते," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, शब्दन् शब्द वेगळा करत पुन्हा म्हणाल्या, "काका. म्हणतायत. म्हणून."

पुढच्या तिसऱ्या रविवारी दोन्ही जोडपी साडूंच्या गाडीतून निघाली. दोघी बहिणींच्या भावाने टेकडीपलीकडे नवं घर घेतलं होतं, ते बघायला. साडू गाडी चालवत होते, खोडरबर शेजारी, बहिणी मागे प्लॅस्टिकवर. साडू खुशीत होते. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याला काच खाली करून म्हणाले, "पंप घरचाच आहे!" त्या माणसाने काच वर केली.

चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटाही चढायला लागला. खोडरबरांना तो दिसला. साडूंना दिसला. दोघांनीही तो दुसऱ्याला दिसू नये म्हणून समोरच्या झाडीचं कौतुक सुरू केलं. अर्ध्या चढावर बॉनेटच्या फटीतून पांढरी रेघ निघाली, मग दोन्ही बाजूंनी ढग. काचेपलीकडे रस्ता दिसेना.

"धुकं आलं का हो?" मागून काकूंनी विचारलं.

"तेच असेल," साडू म्हणाले आणि गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडल्यावर साडू रागाच्या भरात रेडिएटरचं झाकण फिरवायला धावले. खोडरबरांनी त्यांचं मनगट पकडलं. "हात भाजेल! गार होऊ दे." त्या दिवसभरात त्यांनी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट.

बहिणी सावलीत जाऊन दगडावर बसल्या. त्यांनी डबा उघडला, पाणी प्यायल्या आणि गाडीच्या दोन बाजूंना पाठ करून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्यांकडे बघत राहिल्या.

"तुझे बोलत नाहीयेत," थोरली म्हणाली.

"तुझे तरी कुठे?"

"मग बसू या निवांत. रोज कुठे मिळतं एवढं."

दोन तासांनी गाडी ओढून न्यायला टो-गाडी आली. तिच्या पुढच्या सीटवर दोघींचीच जागा होती. त्यामुळे दोघे साडू एका रिकाम्या टेम्पोच्या मागे, फळांच्या क्रेटवर बसून, एक शब्द न बोलता शहरात परतले. भावाने फोन करून विचारलं, तर काकूंनी सांगितलं, "अरे, आलो होतो अर्ध्यापर्यंत. तेवढ्यावरून घर चांगलं वाटलं."

सोमवारी सकाळी मिस्त्रीबाईंनी पंप काढून टेबलावर ठेवला. इंजिनाच्या जोडातून गळती होऊ न देणारं वरचं गॅस्केट जळलं होतं. इंजिन उघडावं लागणार होतं. पंपातलं चाक दांड्यावर सैल फिरत होतं. खोडरबरांनी तो उचलला आणि आता, पहिल्यांदा, नीट पाहिला. काठावर नंबर होता. सत्तेचाळीस.

कोपऱ्यात अजून पडलेल्या खोक्यावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. निरोपसमारंभाच्या दिवशी त्यांचा पंच त्यांच्यासमोर मोडीत टाकला होता. त्यांनी स्वतः शेवटचा हात फिरवला होता त्यावर.

मग त्यांनी घासलेला डाग बघितला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खिशातलं भिंग काढलं. आणि खाली बसले.

"काय झालं?" साडूंनी विचारलं. रविवारपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.

"हे घासलेलंच नाही," खोडरबर म्हणाले. "ओतलंय."

"म्हणजे?"

"माझा एक पंप घेतलाय कुणीतरी, आणि त्याच्यावरून साचा काढलाय. नंबर आला, घासल्याचा डाग आला, डागातले ओरखडेसुद्धा आले. हा डावीकडचा ओरखडा बघा, माझं ग्राइंडर तिथे नेहमी घसरायचं. तोसुद्धा आलाय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "इथे कधी नावच नव्हतं हो. नसलेलं नाव पुसलंय यांनी."

मिस्त्रीबाईंनी त्यांच्या पुढ्यात चहाचा ग्लास ठेवला. "मी म्हटलं होतं" हे वाक्य त्यांना तीन वेळा म्हणता आलं असतं. एकदाही म्हणाल्या नाहीत.

खोडरबर तसेच उठून दुकानात गेले.

"नकली पंप दिलास मला!"

दुकानदार शांत होता. "तुम्ही पिवळा मागितलात. मी पिवळा दिला. ओरिजिनल पिवळा हवा होता तर तसं सांगायचं. तो वेगळा येतो."

"अरे, ओरिजिनल नाही म्हणून तर तो पिवळा आहे!"

दुकानदाराने यावर खरोखरच विचार केला. "मग भांडण कशाचं आहे, काका?"

खोडरबरांनी पंप उचलला. आणि तडक कारखान्यात गेले. तिथे त्यांना विक्री विभागाच्या नव्या साहेबांसमोर बसवलं. साहेबांनी पंप फिरवून फिरवून पाहिला आणि त्यांना आनंद लपवता येईना.

"आपली नक्कल? खरंच आपली? किती विकले गेले असतील, काही अंदाज?"

"अहो, गाडी बंद पडली. चार माणसं होती आत."

"हो, हो, वाईट झालं. पण बघा ना, निळ्याची नक्कल सगळेच करतात. पिवळ्याची करावीशी वाटली म्हणजे आपलं नाव झालं की!" त्यांनी पंपाचे चारही बाजूंनी फोटो काढले. तक्रार मात्र घेता येणार नव्हती, कारण पंप कारखान्याचा नव्हता, आणि कारखान्याचा असता तर बिघडला नसता, असं साहेबांचं म्हणणं होतं. त्यांनी खोडरबरांना कारखान्याचं नाव असलेली टोपी दिली.

जाताना खोडरबर जुन्या टेबलाकडे डोकावले. टेबल नव्हतं.

"घासणं बंद केलं आम्ही," साहेब म्हणाले. "आता साचेच दोन आहेत. एक नावाचा, एक बिननावाचा. तुम्हाला बाजारात घासलेला पंप दिसला ना, की खुशाल समजा नकली आहे."

खोडरबर टोपी हातात धरून बसथांब्यापर्यंत चालत गेले. गाडी घेऊन गेलो होतो, हे त्यांना बस आल्यावर आठवलं.

साडूंची गाडी अकरा दिवस गॅरेजात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला खोडरबर आपली पांढरी गाडी घेऊन साडूंच्या दारात उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. साडू खाली आले, गाडीकडे बघितलं, रुमालाने सीट झटकली आणि बसले. ऑफिसपर्यंतच्या चाळीस मिनिटांत ते गिअर उशिरा बदलण्याबद्दल, आरशाच्या कोनाबद्दल आणि पोच्याबद्दल बोलले. संध्याकाळी खोडरबर पुन्हा हजर. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी साडू गिअरबद्दल काही बोलले नाहीत. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "माझा गुडघा बदलायचाय."

"कधीपासून दुखतोय?"

"दोन वर्षं. हिला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतो, बाहेरच्या देशातला बसवू की इथला? किमतीत मोठा फरक आहे." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुम्ही काय घ्याल?"

खोडरबरांनी गाडी बाजूला घेतली. इतकी वर्षं ज्या माणसाने त्यांना आगपेटी निवडू दिली नव्हती, तो गुडघा विचारत होता.

"मला विचारताय? परवाच तुमचं इंजिन घालवलं मी."

"म्हणूनच विचारतोय. आता तुम्ही जपून सांगाल."

खोडरबरांनी खूप वेळ विचार केला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून घेतले. "डॉक्टरला विचारा," ते शेवटी म्हणाले, "स्वतःच्या वडिलांना कुठला बसवला असता. आणि उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा. मी खोक्यावरून काही सांगत नाही आता."

"बरं," साडू म्हणाले. "गिअर टाका. उशीर होतोय."

अकराव्या दिवशी मिस्त्रीबाईंनी दोघांना बोलावलं. इंजिन बांधून झालं होतं, पंप तेवढा बसवायचा होता. टेबलावर फडकं पसरून त्यावर तीन पंप ठेवले होते. खोका एकाचाही नव्हता, आणि अंगावरची नावं त्यांनी चिकटपट्टीने झाकली होती.

"काका, आता सांगा."

खोडरबरांनी आधी हात धुतले. एकेक पंप तोलला, दांडा कानाशी धरून फिरवला, चाकाची पाती बोटाने मोजावीत तशी चाचपली. अर्धा तास गेला. साडू, ज्यांना कुठेही पाच मिनिटं थांबवत नसे, स्टुलावर बसून राहिले. एक पंप खोडरबरांनी लवकरच बाजूला सारला. "याची पाती पातळ आहेत. वर्षभर जाईल, पुढे नाही." उरलेल्या दोघांत त्यांना ठरवता येईना. पुन्हा फिरवले, पुन्हा ऐकले. शेवटी एकावर हात ठेवला. "हा."

मिस्त्रीबाईंनी त्याच्यावरची पट्टी काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका कारखान्याचा तो पंप होता, हिरव्या खोक्यात येणारा. त्या कारखान्याला खोडरबरांच्या कँटीनमध्ये सत्तावीस वर्षं सगळे 'भंगारवाले' म्हणत आले होते आणि खोडरबर सर्वांत मोठ्याने.

"आणि तो दुसरा?"

"निळा."

"आणि मी टाकला तो?"

मिस्त्रीबाईंनी हातातल्या चिकटपट्टीची गोळी केली. "तुमचा, काका. पिवळा. खरा. कारखान्यातूनच मागवला होता."

खोडरबरांनी टाकलेला पंप पुन्हा हातात घेतला. पट्टी काढली. जिथे नाव असायचं तिथे धातू गुळगुळीत होता. त्यांनी पात्यांवर नख वाजवून पाहिलं, कुणाला वाचवता येतंय का बघावं तसं. मग हळूच खाली ठेवला.

"पातळच आहेत," ते म्हणाले. "हिरवा बसवा."

साडूंनी घसा खाकरला. "बसवा. पण बिलावर लिहिताना 'कंपनीचा' लिहा."

"लिहिते की," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "कुठल्या?"

साडूंनी खोडरबरांकडे पाहिलं. खोडरबर छताकडे बघत होते. शेवटी बिलावर नुसतं 'पंप, एक' असं आलं आणि साडूंनी ते फाइलला लावलं.

रविवारचा दरबार त्यानंतर बंद झाला. खोडरबर आता आठवड्यातून तीन सकाळी मिस्त्रीबाईंच्या गॅरेजात बसतात. येणारा प्रत्येक पार्ट उघडून बघायचा आणि खोका आधी कचऱ्यात टाकायचा, एवढंच काम. पगार नाही, चहा आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी सात वस्तू परत पाठवल्या. त्यातली एक चांगली निघाली, तेव्हा दुकानदाराकडे स्वतः जाऊन त्यांनी तसं सांगितलं. दुकानदाराला आधी वाटलं की, पुन्हा भांडायलाच आलेत.

टेकडीपलीकडचं घरही सगळ्यांनी बघून झालं. साडूंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी वडिलांबद्दलच्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं म्हणे, आणि ते उत्तर साडूंना पटलं. फक्त एक गोष्ट त्यांनी हॉस्पिटलात चौकशी करून ठेवली आहे. गुडघा आला की बसवायच्या आधी तो घटकाभर हातात घेऊन बघायला एका नातेवाइकाला परवानगी मिळेल का. हॉस्पिटलने अजून काही कळवलेलं नाही.